निशाणी बांगडी

धाकू मिस्त्री लाकूड चाटत असे. चाखत असे म्हटले तर जरा सभ्य वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिले ते चाटणेच होते. खडवलीकडच्या रानातून सागाच्या फळ्या कल्याणच्या बंदरावर उतरल्या की हा गृहस्थ त्यांच्यापुढे उकिडवा बसे, फळीची कड धोतराने पुसून घेई आणि जीभ काढून तिच्यावर सावकाश फिरवी. मग बाजूला पचकन थुंकून निकाल देई, "रस हाय आजून त्याच्यात. चार म्हयने हात लावाचा नाय." मी तेव्हा बंदरावरच्या चौकीत नवा कारकून होतो आणि नुकताच जेवून आलो होतो. पहिल्या दिवशी मी तिथून उठून गेलो, एवढे सांगितले की पुरे.

ही गोष्ट आगगाडी कल्याणच्या पुढे घाट चढून गेल्यानंतरच्या काही वर्षांतली. बंदराची रया गेली होती. बडा माल गाडीने जाऊ लागला होता, पण वाळू, मीठ, कौले आणि गवत अजून खाडीनेच हलत असे. त्यासाठी लागणारे मचवे, म्हणजे एका शिडाच्या पोटाळ होड्या, बांधणारे दोन-तीन हात काय ते उरले होते, आणि त्यांत धाकूचा हात पहिला. मचव्याची लांबी-रुंदी फितीने मोजायची आणि वहीत मोडीत उतरवायची, हे माझे काम. मी मोठ्या ऐटीत आकडा सांगे. तो "असंल" म्हणे आणि पुन्हा फळी तासायला वाकस मारू लागे. त्याच्या अंगाला मासळीच्या तेलाचा असा वास येई की तो चौकीकडे वळला की आमचा शिपाई आधीच खिडकी उघडून ठेवी. भुवयांत भुसा, पायांना डांबर, आणि चेहरा असा की जगाने आत्ताच याला काहीतरी नासके खाऊ घातले आहे.

त्याचे एक पालुपद होते, "पानी बघील." मचव्याचा मालक विचारी, "काय मिस्त्री, झकास झालाय ना?" हा म्हणे, "पानी बघील." माझ्या धाकट्या बहिणीला चांगले स्थळ आले, मुलगा इंग्रजी शिकलेला, घर विठ्ठलवाडीला. मी आनंदाने त्याला सांगायला गेलो. तो तोंडातला खिळा काढून म्हणाला, "पानी बघील." मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. आठव्या दिवशी तो स्वतःच चौकीच्या पायरीवर फणस ठेवून गेला, आणि फणस कुणी ठेवला म्हणून विचारले तर कबूलही होईना.

नवा मचवा पाण्यात लोटण्याआधी त्याच्या पोटातच पाणी भरायचे, ही त्याची रीत. होडी जमिनीवर टेकू देऊन उभी करायची, आतून काठोकाठ भरायची, आणि बाहेरून फळ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवत हिंडायचे. जिथे ओल पाझरेल तिथे गेरूची खूण. मग तेलात भिजवलेला कापूस तिथे ठोकून बसवायचा. हे पाणी भरण्याचे काम त्याच्या बायकोचे. बायजा त्याच्याहून टीचभर उंच होती आणि तिचा आवाज समोरच्या काठाला ऐकू जाई. एके वर्षी वैशाखात विहिरी आटल्या, बायका पेलाभर पाण्यासाठी भांडू लागल्या, आणि ही तलावावरून घागरींवर घागरी आणून होडीत ओतते आहे! आळीतल्या बायका अंगावर धावून आल्या. बायजा होडीच्या काठावर चढून ओरडली, "तुमचे घोव बसनार हायत ना या होरीन? बुरवायचे हायत काय त्यांना?" बायका मागे सरल्या. एकीने तर आपली घागरही ओतली.

नवऱ्याचे नाव मात्र तिने जन्मात घेतले नाही. एरवी तोंड फटकळ, नवऱ्याला चारचौघांत वाटेल ते बोले, पण बोलावताना "अवं" आणि सांगताना "ह्ये". चौकीतल्या आम्हा टवाळांनी तिला सणावारी उखाणा घ्यायला सांगून पाहिले. तिने आम्हांला जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

धाकूला लिहिता येत नव्हते. त्या वेळी दस्तऐवजावर सही न करता येणाऱ्याने आपली निशाणी काढायची पद्धत होती. कुणबी नांगर काढी, सुतार वाकस काढी, बाईमाणूस बांगडी काढी, आणि शेजारी कारकून लिही, 'निशाणी नांगर' किंवा 'निशाणी बांगडी'. बाकीचे लोक दोन रेघोट्या मारून मोकळे होत. धाकू बोरू हातात घेतला की चौकीचे काम अर्धा तास बंद. दांडा, पाते, पात्याची धार, दांड्याला हात लागून पडलेली खाचसुद्धा तो काढी. आमचे मोठे कारकून चरफडत. मी त्यांना म्हणे, काढू द्या हो, त्याचे तेवढेच तर अक्षर आहे.

चाळीस वर्षे दुसऱ्यांसाठी होड्या बांधल्यावर त्याने एक स्वतःसाठी बांधली. हात दुखू लागले होते. वाकस उचलेनासा झाला की नवरा-बायकोने या होडीने वाळू वाहायची आणि पोट भरायचे, असा त्यांचा बेत. पोरबाळ नव्हते. होडी हेच काय ते म्हातारपण. तिच्या फळ्या त्याने तीन वर्षे सावलीत वाळवल्या, आणि किती वेळा चाटल्या ते देव जाणे. नाव ठेवले भागीरथी. मी ती मोजली. आयुष्यात शेकडो होड्या मोजल्या, पण हिच्या दोन्ही बाजूंची मापे केसाइतकी सारखी आली तेव्हा मी फीत पुन्हा लावून पाहिली. धाकू बघत होता. "असंल," म्हणाला. पण या वेळी हसला.

आणि मग ते प्रदर्शन आले.

ठाण्याच्या खाडीकाठी नौकांचे मोठे प्रदर्शन भरणार, प्रत्येक बंदराने आपली उत्तम होडी पाठवावी, असा कागद चौकीत आला. असले काही आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते. मला तर अंगात वारे शिरल्यासारखे झाले. मी धावतच धाकूकडे गेलो. तो नाही म्हणाला. "होरी पान्यान शोभते. जमिनीवर काय बघाचं तिला?" मी हट्टाला पेटलो. कल्याणची अब्रू, सरकारी बक्षीस, बडे साहेब, सगळे सांगून झाले. शेवटी म्हटले, "मिस्त्री, तीन दिवसांचा तर प्रश्न. चौथ्या दिवशी पाण्यात." तो बायजाकडे बघत राहिला. ती म्हणाली, "दादा बोलतायत तर जाव." माझ्या शब्दावर ते गेले, ही गोष्ट मी कितीही वर्षे झाली तरी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालू शकत नाही.

लिहिण्याच्या कामासाठी मलाही ठाण्याला पाठवले. मोठे नौकाप्रदर्शन म्हणजे काय ते मी तिथे पहिल्यांदा पाहिले, आणि देवाने पुन्हा दाखवू नये. भर वैशाखात, उघड्या मैदानात, पन्नास-साठ होड्या ओळीने टेकूंवर उभ्या. सगळ्यांना कमिटीने हुकूम काढून पांढरा-निळा रंग फासलेला. कोळ्यांच्या होड्यांना मासळीचा वास येतो म्हणून आत अत्तर शिंपडलेले. कुजक्या बोंबलावर गुलाबाचे अत्तर कसे लागते ते ज्याने हुंगले त्यालाच कळेल. ज्यांनी होड्या बांधल्या आणि हाकल्या ती माणसे दोराच्या बाहेर, कारण त्यांच्या लंगोट्यांनी शोभा जात होती. आणि दोराच्या आत कोण, तर ज्यांनी आयुष्यात वल्हे हातात धरले नाही असे पागोटेवाले, शिडी लावून होड्यांत चढत होते, पान खात होते आणि तिथेच पिचकाऱ्या मारत होते. भागीरथीत एक कुटुंब बसून फणस खाऊन गेले. चीक, चारखंड, आठळ्या सगळे तिथेच टाकून. संध्याकाळी मंडळी पांगली तेव्हा धाकू दोराखालून आत शिरला आणि हातांनी ती लिबलिबीत घाण काढत बसला. मी जवळ गेलो. त्याने वर पाहिले नाही. आपल्या होडीवरचा निळा रंग नखाने खरवडून तो एवढेच म्हणाला, "मढ्याला कुकू लावल्यावानी."

आता त्या चुकीबद्दल सांगतो. पहिल्या दिवशी फाटकाशी विनायकराव नावाचे आमचे एक कारकून नोंद घ्यायला बसले होते. घामाने निथळत, मान खाली, एकामागून एक ओळ लिहीत. भागीरथीची पाळी आली तेव्हा धाकू होडीखालचे टेकू बघायला गेला होता. पुढे बायजा. काय झाले ते तिने मला मागाहून हातवारे करून सांगितले.

"नाव?" विनायकराव म्हणाले. त्यांना हवे होते बांधणाऱ्याचे नाव.

"आता ते मी कसं घेव?"

"नाव गं बाई, नाव! मागे माणसं खोळंबलीत."

बायजाला वाटले, होडीबद्दल विचारतायत. नाव म्हणजे होडीच ना. "भागीरथी," ती म्हणाली.

"जात?"

"मचवा."

"राहणार?"

"कल्यान."

"धनी?"

विनायकरावांना हवा होता मालक. बायजाला वाटले नवरा. "हायेत की," ती म्हणाली, "टेकू बघाया गेलेत."

विनायकरावांनी लिहिले, 'धनी हयात.'

तो कागद संध्याकाळी माझ्यापुढे आला. मोडीतल्या नोंदी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, स्वच्छ उतरवायच्या, मग त्यावरून इंग्रजी भाषांतर होणार. त्या काळी आम्ही माणसाचे नांव टिंब देऊन लिहीत असू आणि पाण्यातली नाव बिनटिंबाची. मोडीत टिंब कुणी देत नाही. ते द्यायचे की नाही हे उतरवणाऱ्याने ठरवायचे. मी ती ओळ वाचली आणि मला इतके हसू आले की पोट धरले. मला सगळे ठाऊक होते. भागीरथी ही होडी, धाकू हा माणूस, सगळे. मी बिनटिंबाची नाव लिहिली असती तर पुढचे काहीच झाले नसते. पण भाषांतर करणाऱ्या त्या साहेबी थाटाच्या कारकुनाची फजिती बघायची लहर आली. मी टिंब दिले.

त्याने मुकाट्याने भाषांतर केले. होडी बांधणारी भागीरथी, मचवा जातीची बाई, राहणार कल्याण, नवरा जिवंत. छापील यादीत तसेच आले. मी ती यादी दोघा-चौघांना दाखवून खिदळलो. अशा माणसाच्या हाती लेखणी देणाऱ्यांचेही आता आश्चर्य वाटते.

तिसरा दिवस उलटला. बक्षिसे द्यायला येणारे बडे साहेब थंड हवेच्या ठिकाणाहून निघाले नव्हते, म्हणून प्रदर्शन लांबवले. चौथा, पाचवा, सहावा दिवस. लाकडाची होडी पाण्यावाचून उन्हात ठेवली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उलतात, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही कळते. धाकू दिवसभर दोरापाशी उभा असे, कान होडीकडे. मध्येच माझे मनगट धरी. "ऐकलंव? वाजली." मीही ऐकले. टक्, असा बारीक आवाज. सकाळी मंडळी यायच्या आत तो होडीपाशी जाऊन बघे. आधी सांध्यात नख जाईना. पाचव्या दिवशी नख जाऊ लागले. सातव्या दिवशी त्याने माझा अडकित्ता मागून घेतला आणि त्याचे पाते फटीत सरकवून मला दाखवले. पाते आत गेले. त्याचे डोळे मला बघवेनात.

"दादा, तुमीच बोललेलात, तीन दीस."

मी कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. हे एक पेन्शनीत निघालेले रावसाहेब. रेशमी छत्री, पायांत पंपशू, आणि तोंडी एकच शब्द, शोभा. मी म्हटले, सकाळ-संध्याकाळ होडीवर पाणी ओतू द्या.

"पाणी? चिखल होईल. बड्या साहेबांच्या बुटांना चिखल लागला तर शोभा काय राहील?"

त्याच दुपारी बायजा प्यायचे पाणी नेते आहे असे दाखवून घागर कमरेवर घेऊन आत शिरली आणि होडीत ओतू लागली. शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढले. घागर फुटली. तिने जी शिव्यांची माळ लावली तिच्यात कमिटीच्या सात पिढ्या आल्या. माजिवड्याचे आगरी दोराबाहेर उभे होते, ते हसले. मला मात्र हसू आले नाही.

आठव्या दिवशी धाकू म्हणाला, बक्षीस नको, काही नको, माझी होडी मला द्या. मी त्याला रावसाहेबांच्या तंबूत नेले. त्यांनी यादी काढली. "मचवा भागीरथीच्या नावावर आहे. तिला पाठव. तू कोण?"

"मी बांदला त्यो."

"इथे तसं नाही."

धाकूला काही कळेना. मला कळले. रावसाहेब खुशीत होते. बड्या साहेबांनी यादी वाचून पत्र धाडले होते. होडी बांधणारी देशी बाई, हे त्यांना फार अपूर्व वाटले होते. पहिले बक्षीस तिला स्वतःच्या हाताने देणार होते. रावसाहेबांनी धाकूला बसवून सगळा उलगडा करून घेतला, मग जरा वेळ छत्रीच्या दांड्याशी खेळले आणि म्हणाले, "छे छे, आता साहेबांना चूक झाली म्हणून कसं सांगणार? यादी छापलेली आहे. तुझी बायको आहे ना? उद्या तिला उभी कर भागीरथी म्हणून. बक्षीस झालं की होडी घेऊन जा." मग माझ्याकडे वळून विचारले, "हे बालबोध कुणी उतरवलं?"

मी म्हटले, "विनायकरावांच्या कागदावरून उतरलं."

खोटे त्यात काहीच नव्हते. इतके हलकट वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललो नाही.

बायजा काही ऐकेना. "ती लाकराची, मी जित्ती! तिच्या नावानं मी कंला उभी राहू? आनि ह्यांनी बांदली ती मी बांदली म्हनून सांगू?" धाकू तिला बराच वेळ समजावत होता. एवढे बोलताना मी त्याला कधी पाहिले नव्हते. शेवटी म्हणाला, "एक घटकाभर उभी रहा. मंग पानी."

दुसऱ्या दिवशी बडे साहेब आले. बँड वाजला. बायजाला हिरवे लुगडे नेसवून, डोक्यावरून पदर घेऊन उभी केली. साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारले, ही विद्या तू कुणाकडून शिकलीस? बायजा खणखणीत आवाजात म्हणाली, "मना काय इचारता? माजे घोवाला इचारा, त्यो त्या दोराच्या पल्याड उबा हाय." दुभाष्याने रावसाहेबांकडे पाहिले आणि इंग्रजीत सांगितले, सारी देवाची कृपा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. पुरुषाला पागोटे द्यायचे ठरले होते. ही बाई, म्हणून जरीचा शालू दिला. धाकू दोराच्या पलीकडे खाडीकडे तोंड करून उभा होता. भरती चढत होती.

साहेब मंडळी चहाला तंबूत गेली आणि मी पावतीचा कागद घेऊन दोघांपाशी गेलो. मजकूर रावसाहेबांनी सांगितलेला. 'सदरहू मचवा मी स्वतः आपल्या हाताने बांधला असून तो बक्षिसासह मला परत पोहोचला.' खाली भागीरथीची निशाणी हवी होती. मी वाचून दाखवले. बायजाने बोरू माझ्या हातातून घेतला आणि जमिनीवर फेकला.

"उबी राहिले तवरंच बस झालं. कागदावर खोटं मी लिवनार नाय."

रावसाहेब तंबूच्या दारातून ओरडले, "निशाणी झाल्याशिवाय होडी हलायची नाही!"

धाकूने खाडीकडे पाहिले. पाणी काठाला लागले होते. ते ओसरले की होडी आणखी एक दिवस उन्हात. त्याने वाकून बोरू उचलला, धोतराला पुसला, कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि निशाणी काढली. वाकस काढायला त्याला अर्धा तास लागत असे. हे काम एका दमात झाले. पाठीवर बोरू गोल फिरलेला मला कळला. कागद पुढे घेतला तर बांगडी. शेजारी मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, 'निशाणी बांगडी, भागीरथी हिची.'

मग एकच घाई उडाली. माजिवड्याचे दहा-बारा गडी होडी लोटायला आले, पण फटींतून पलीकडचे ऊन दिसत होते. अशी होडी पाण्यात गेली की बुडणार. तेलाची बुधली धाकूपाशी होती. कापूस नव्हता, आणि बाजारात जाऊन आणीपर्यंत पाणी थांबणार नव्हते. तो इकडे तिकडे बघू लागला. बायजाने काखेतला शालू काढला, झटकला, दातांनी कड तोडली आणि टर्रकन फाडला. माझ्या तोंडून "अगं, अगं" निघाले. तिने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. ती फाडत होती, तो चिंध्या तेलात बुचकळून सांध्यांत ठोकत होता. पदर, काठ, बुट्ट्या, सगळे आत गेले. दोघांचेही हात कुठे थांबत नव्हते. मग गड्यांनी खांदा दिला आणि भागीरथी पाण्यात गेली.

पाणी आत आलेच, पण कमी. बायजा खाली बसून तांब्याने उपसू लागली, धाकूने वल्हे मारले आणि होडी मुंब्र्याच्या डोंगराच्या रोखाने कल्याणकडे वळली. निळ्या रंगाच्या सांध्यांतून जरीच्या दशा बाहेर लोंबत होत्या. घरच्या पाण्यात चार दिवस बुडवून ठेवली तर फळ्या पुन्हा फुगतील, त्याने मला एकदा सांगितले होते. फुगल्या की नाही, मला ठाऊक नाही. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि कल्याणला तोंड दाखवायला मी कधी गेलो नाही.

चहा आटोपून बडे साहेब काठावर आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून होडीकडे पाहिले, कौतुकाने मान हलवली आणि विचारले, भागीरथीबरोबर तो म्हातारा कोण आहे?

"तिचा गडी, साहेब," रावसाहेब म्हणाले.

साहेबांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभा होतो, शाई केव्हाच वाळलेली ती पावती अजून हातात. मी हो म्हणून मान हलवली.